गोड सुरांतली हुरहुर : ब्रिटिश सोफिस्टी-पॉप ऐकावं कसं

कॉफीच्या दुकानात किंवा हॉटेलच्या लॉबीत मागे एखादं इंग्रजी गाणं मंद आवाजात चालू असतं. गिटारचे हलके ठोके, मधूनच ट्रम्पेट, बाईचा शांत आवाज. बोलता बोलता आपली मान डोलते. गाणं प्रसन्न वाटतं, पण ते संपल्यावर मनात हुरहुर उरते आणि ती कशाची, ते सांगता येत नाही.

'एव्हरीथिंग बट द गर्ल' या इंग्लिश जोडीचं 'ईच अँड एव्हरी वन' हे असंच एक गाणं. १९८४ सालच्या 'ईडन' या अल्बमची सुरुवात त्यानेच होते. चाल ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या वळणाची, झुलती आणि मऊ. अनेकांना ते प्रेमभंगाचं गाणं वाटलं. गायिका ट्रेसी थॉर्नने पुढे आपल्या आत्मकथनात त्याचा खरा विषय सांगितला : संगीताच्या क्षेत्रात बाई म्हणून वाट्याला येणारी उपेक्षा. म्हणजे ते संतापाचं गाणं आहे.

संताप इतक्या मऊ चालीत मावतो कसा? आणि शब्द कळले नाहीत तरी आतली अस्वस्थता आपल्यापर्यंत पोचते कशी? यामागे काही ठरावीक युक्त्या आहेत. त्या समजून घेता येतात, घरच्या पेटीवर वाजवून पाहता येतात, आणि एकदा कळल्या की १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश पॉपचं एक मोठं दालन आपल्यासाठी उघडतं. या संगीताला पुढे 'सोफिस्टी-पॉप' असं नाव पडलं. त्या काळात मात्र हे कलावंत स्वतःला एका पंथाचे मानत नव्हते. प्रीफॅब स्प्राउट, द ब्लू नाइल, शादे, स्क्रिटी पोलिटी, द स्टाइल कौन्सिल, डीकन ब्लू, स्विंग आउट सिस्टर ही त्यांतली महत्त्वाची नावं.

तीन कॉर्डच्या बंडानंतर

१९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक संगीताचा स्फोट झाला. गिटारवर तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, शिकत बसू नका, असा त्याचा खाक्या होता. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर. पंकने हजारो तरुणांना हिंमत दिली. पण बंडाचीही बघता बघता चाकोरी होते. दोन-चार वर्षांत त्यातल्याच काहींना प्रश्न पडला, की आपल्याला मुभाच आहे तर गोड, गुंतागुंतीचं, नजाकतीचं संगीत करायची मुभा का नाही?

पॉल वेलरने 'द जॅम' हा ऐन भरातला बँड १९८२ च्या अखेरीस मोडला आणि मिक टॅल्बटबरोबर 'द स्टाइल कौन्सिल' सुरू केला. त्यांच्या 'कॅफे ब्लू' (१९८४) मध्ये जॅझ, सोल आणि नुसत्या वाद्यांच्या रचनाही आहेत. स्क्रिटी पोलिटीचा ग्रीन गार्टसाइड तर लंडनच्या कॅमडन भागात रिकामी घरं बळकावून राहणाऱ्या डाव्या तरुणांच्या वर्तुळातला. त्याचं सुरुवातीचं संगीत मुद्दाम खडबडीत होतं. १९८० मध्ये तो आजारी पडला, वेल्समध्ये घरी परतला आणि तिथे अमेरिकन कृष्णवर्णीयांचं सोल संगीत मन लावून ऐकू लागला. बरा झाला तो वेगळीच दिशा घेऊन.

या सगळ्यांच्या कानावर जुन्या चार-पाच गोष्टींचे संस्कार होते. जॉबिम आणि झुआउ जिल्बर्टो यांचा बोसा नोव्हा, बर्ट बॅकरॅकच्या चाली, अमेरिकन सोल, आणि स्टीली डॅनचा 'एजा' (१९७७) हा काटेकोर घडणीचा अल्बम. पैलू पाडलेल्या ध्वनीचा नमुना घरातच तयार झाला. १९८२ मध्ये शेफिल्डच्या 'एबीसी'चा 'द लेक्सिकन ऑफ लव्ह' आणि रॉक्सी म्युझिकचा 'ॲव्हलॉन' हे दोन्ही अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गुळगुळीत पॉप विकलं जातं हे रेकॉर्ड कंपन्यांना त्यातून दिसलं.

एका 'नी'ची करामत

आता पेटी पुढ्यात घेऊ या. पांढरी एकचा सा धरा. सा, ग, प हे तीन स्वर एकत्र दाबा. ही झाली मेजर कॉर्ड : उजळ, ठाम, निःशंक. आता ग कोमल करा. सा, कोमल ग, प. ही मायनर कॉर्ड, आणि एका स्वराच्या फरकाने सगळ्यावर सावट आलं. पाश्चात्त्य पॉपमधली असंख्य गाणी या दोन रंगांवरच चालतात.

पुन्हा शुद्ध गवर या आणि सा-ग-पच्या वर शुद्ध नी ठेवा. सा, ग, प, नी. या चार स्वरांना मेजर सेव्हन्थ म्हणतात. ऐका. उजेड आहे, पण दुपारचा नाही, संध्याकाळचा. हे कसं घडलं ते पाहायचं तर खालच्या सावरचं बोट उचला. उरलं काय? ग, प, नी. ही स्वतःच एक मायनर कॉर्ड आहे. म्हणजे आनंदी कॉर्ड आणि उदास कॉर्ड एकाच वेळी वाजत होत्या, आणि मधले ग आणि प दोघींनाही सामाईक होते. गाणं प्रसन्न की खिन्न हे आपल्याला ठरवता येत नाही, त्याचं एक कारण हे.

आणखी एक करून पाहा. मधला नी आणि त्याला लागून असलेला तार सा, या शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र दाबा. दोन स्वर एकमेकांना घासतात, कानाला टोचतं. तोच सा खालच्या सप्तकात नेला की टोचणं जातं आणि नुसती ओढ उरते. स्वर तेच, त्यांच्यातलं अंतर वाढलं. चांगला संयोजक कोणते स्वर घ्यायचे यावर जितका विचार करतो, तितकाच ते किती लांब ठेवायचे यावर करतो.

याच कॉर्डवर वरचा रे चढवला की प, नी, रे ही आणखी एक मेजर कॉर्ड आत येते. तीन कॉर्ड एकमेकींत गुंतल्या. बोसा नोव्हा आणि जॅझमध्ये हे नित्याचं. सोफिस्टी-पॉपने तोच मसाला तीन-चार मिनिटांच्या पॉप गाण्यात आणला.

स्वर तोच, जमीन निराळी

आपल्या रागसंगीतात षड्ज अचल असतो. तानपुरा एकच सा देत राहतो आणि प्रत्येक स्वराचा भाव त्या साच्या नात्याने ठरतो. कॉर्डच्या संगीतात गायकाच्या पायाखालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकते. त्यामुळे गायकाने एकच स्वर धरून ठेवला तरी त्याचा भाव पालटू शकतो.

पेटीवर उजव्या हाताने प धरून ठेवा. डाव्या हाताने त्याखाली सा आणि ग द्या. प इथे सुखाने टेकलेला आहे. प न सोडता खाली कोमल ध, सा आणि कोमल ग द्या. गायकाने काहीच केलं नाही, पण तोच प आता उंचावरून खाली डोकावतो आहे असं वाटतं. कारण कोमल धच्या हिशेबाने तो नीच्या जागी आला, म्हणजे मघाच्या हुरहुर लावणाऱ्या स्वराच्या जागी. शांतपणे, फार वरखाली न करता गाणाऱ्या गायकांची गाणीही कंटाळवाणी का होत नाहीत, ते इथे कळतं. हालचाल आवाजाखाली चाललेली असते.

तिसरी युक्ती मुक्कामाची. सावर परत यायचं असेल तर त्याआधी प, नी, रे, म अशी कॉर्ड देतात. त्यातला शुद्ध नी साकडे खेचतो, त्यामुळे पुढचा मुक्काम अटळ वाटतो. आता मंद्र सप्तकातला प द्या आणि वर म, ध, सा. खेचणारा नी काढून टाकला. गाणं दारापाशी उभं आहे, पण आत जायची घाई नाही. ही अधांतरी ठेवणारी कॉर्ड सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन सोलमधून आली आणि या ब्रिटिश मंडळींनी ती भरपूर वापरली. ज्या गाण्यांतली माणसं निर्णय घेत नाहीत, वाट पाहत राहतात, त्यांना ती चपखल बसते.

स्टुडिओ हेच वाद्य

चाल आणि कॉर्ड झाल्या. पण गाणं सुरू होताच दुसऱ्या सेकंदाला 'हे त्या काळातलं' असं आपण ओळखतो ते ध्वनीच्या पोतावरून. तो पोत घडला यंत्रांमुळे.

अमेरिकन अभियंता रॉजर लिन याचा 'लिनड्रम' १९८२ मध्ये आला. खऱ्या ड्रमचे आवाज मुद्रित करून ते चिपमध्ये साठवलेले, आणि बटणं दाबून त्यांची लय बसवायची. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला. त्याचं तत्त्व असं : एका ध्वनिलहरीने दुसऱ्या लहरीची कंप्रता अतिशय वेगाने हलवायची. त्या हलण्यातून मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर निर्माण होतात आणि घंटेसारखा काचेरी, चमकदार नाद मिळतो. त्या दशकातल्या असंख्य मंद गाण्यांतला घंटानादी इलेक्ट्रिक पियानो ही त्याची देणगी.

यंत्रांइतकाच महत्त्वाचा घुमारा. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली की आधी थेट आवाज येतो, मग भिंतींवरून परतलेला. त्या दोहोंतल्या वेळावरून मेंदू खोलीचा आकार ताडतो. स्टुडिओत हा घुमारा कृत्रिमपणे देता येतो आणि प्रत्येक वाद्याला निराळा देता येतो. गायक कानाशी, सॅक्सोफोन दूरच्या दालनात, झांज आणखी मागे, अशी प्रत्यक्षात कुठेच नसलेली वास्तू उभी राहते.

'ॲव्हलॉन' हा या वास्तुकलेचा उत्तम नमुना. बहामा बेटांवरचा कंपास पॉइंट आणि न्यूयॉर्कचा पॉवर स्टेशन या स्टुडिओंत तो घडला. संगीत-निर्माता रेट डेव्हिस आणि स्वतः बँड, मिक्सिंग बॉब क्लिअरमाउंटनचं. निर्माता म्हणजे इथे पैसे घालणारा नव्हे. सिनेमात दिग्दर्शकाचं जे काम, ते रेकॉर्डिंगमध्ये त्याचं. शीर्षकगीताच्या शेवटी एक स्त्रीस्वर शब्दांवाचून उंच जातो. तो यानिक एतियेन हिचा. काम संपत आलेलं असताना एका रविवारी शेजारच्या स्टुडिओत हैतीचा एक बँड गाणं करत होता. रॉक्सी म्युझिकचा गायक ब्रायन फेरी आणि डेव्हिस कॉफी घ्यायला बाहेर आले, तिचा आवाज कानी पडला आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं. इतक्या मोजून-मापून केलेल्या अल्बमचा सर्वांत लक्षात राहणारा क्षण असा ऐनवेळी सापडला.

भरणं आणि मोकळं सोडणं

तीच यंत्रं दोन कलावंतांना दोन टोकांना कशी नेतात, हे स्क्रिटी पोलिटी आणि द ब्लू नाइल यांच्यात स्वच्छ दिसतं.

स्क्रिटी पोलिटीचा 'क्युपिड अँड सायकी ८५' (१९८५) गार्टसाइडने न्यूयॉर्कच्या डेव्हिड गॅमसन आणि फ्रेड माहर यांच्याबरोबर केला. त्यातली तीन गाणी आरिफ मार्डिनच्या हाताखाली झाली. ॲरिथा फ्रँकलिनच्या रेकॉर्डवर काम केलेला हा अनुभवी माणूस. 'वुड बीझ' या गाण्याच्या कंसातल्या शीर्षकात ॲरिथाचं नाव आहे, आणि ते गाणंही मार्डिनच्याच हातून घडलं. हे गाणं ऐकताना एकाच वाद्याचा माग काढून पाहा. ते दोन-तीन तुटक स्वर वाजवतं आणि थांबतं. तेवढ्यात दुसरं आत शिरतं, मग तिसरं. सलग असं जवळपास कुणी वाजवत नाही, तरी सगळं मिळून अखंड धावतं. सगळा भर भरण्यावर आहे, पण एकाचाही पाय दुसऱ्याच्या पायावर पडत नाही.

द ब्लू नाइल हा ग्लासगोचा बँड : पॉल ब्युकॅनन, रॉबर्ट बेल आणि पॉल जोसेफ मूर. त्यांचा पहिला अल्बम 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' १९८४ मध्ये लिन रेकॉर्ड्सने काढला. उंची रेकॉर्डप्लेअर बनवणाऱ्या ग्लासगोच्या लिन कंपनीची ही शाखा, आणि हा तिचा पहिलाच अल्बम. (लिनड्रमच्या रॉजर लिनशी या कंपनीचा संबंध नाही.) ध्वनिमुद्रण कॅलम माल्कमचं. इथे एक ठोका पडतो आणि पुढचा यायच्या आधी तो पुरता विरतो. बेसचा एक स्वर, तंतुवाद्यांची एक रेघ, मग काही नाही.

जुन्या वाड्यात मधला चौक मोकळा ठेवतात. तेवढी जागा वाया गेली असं वाटतं, पण चारही बाजूंच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो तो त्या चौकातून. ब्लू नाइलच्या गाण्यातली मोकळी जागा तेच काम करते. आजूबाजूला काही नसल्यामुळे ब्युकॅननच्या आवाजातली कंपनं आणि श्वास लख्ख ऐकू येतात. शिवाय यंत्राचा ठोका तसूभर हलत नाही, त्यामुळे आवाज ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळला की ते रेंगाळणं जाणवतं. यंत्र स्थिर आहे म्हणून माणूस डळमळताना दिसतो.

तुलना कशी करावी

अमुक बँड भारी की तमुक, या वादातून हाती फारसं काही लागत नाही, कारण दोन अल्बममध्ये एकाच वेळी दहा गोष्टी वेगळ्या असतात. शाळेतल्या प्रयोगात आपण एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. तोच नियम इथे लावला तर कान फार लवकर तयार होतो. त्यासाठी या तीन जोड्या घ्याव्यात.

*निर्माता एक, कलावंत दोन.* शादेचा 'डायमंड लाइफ' आणि एव्हरीथिंग बट द गर्लचा 'ईडन' हे दोन्ही १९८४ च्या उन्हाळ्यात आले आणि दोन्हींचा निर्माता रॉबिन मिलर. डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराने पुढे त्याची दृष्टी पूर्ण गेली. त्याचा कान मात्र किती तीक्ष्ण होता ते या दोन अल्बमांत दिसतं. दोन्हींकडे जॅझची छाया, खऱ्या वाद्यांचा कोरडा, जवळचा नाद आणि पुढ्यात ठेवलेला खालच्या पट्टीतला स्त्रीस्वर. आता फरक ऐका. नायजेरियातल्या इबादानला जन्मलेली शादे अडू आणि तिचे सहकारी लयीवर उभे आहेत. पॉल डेनमनचा बेस गाण्याचा कणा आहे, स्टुअर्ट मॅथ्यूमनचा सॅक्सोफोन तिच्या ओळींना उत्तर देतो. 'स्मूथ ऑपरेटर'मध्ये ती त्या फिरस्त्या मदनाची गोष्ट सांगते, पण त्याच्यापासून चार पावलं दूर उभी राहून. 'ईडन'चा कणा बेन वॉटची गिटार आहे, आणि थॉर्न आपलीच गोष्ट सांगते, साध्या, न नटवलेल्या आवाजात. मिलरने दोघींना एकाच साच्यात घातलं नाही, हे त्याचं मोठेपण दोन्ही अल्बम ओळीने ऐकल्यावर उमगतं.

*गाणी तीच, पेहराव दोन.* प्रीफॅब स्प्राउट हा इंग्लंडच्या ईशान्येकडल्या काउंटी डरममधल्या विटन गिल्बर्ट गावचा बँड : पॅडी मॅकालून, त्याचा भाऊ मार्टिन, वेंडी स्मिथ आणि ड्रमवर नील काँटी. त्यांचा पहिला अल्बम 'स्वून' (१९८४) म्हणजे कल्पनांची झुंबड. मॅकालून एका गाण्यात इतकी वळणं घेतो की ऐकणारा मागे पडतो. रेडिओच्या एका कार्यक्रमात थॉमस डॉल्बीने त्यांच्या गाण्याची तारीफ केली आणि पुढच्या अल्बमसाठी निर्माता म्हणून त्यालाच गाठण्यात आलं. डॉल्बी मॅकालूनच्या घरी गेला, त्याने साठवलेली गाणी एकामागून एक ऐकली आणि त्यांतून निवड केली. त्यातून १९८५ चा 'स्टीव्ह मॅक्वीन' उभा राहिला. (नटाच्या वारसांनी हरकत घेतल्यामुळे अमेरिकेत तो 'टू व्हील्स गुड' या नावाने निघाला.)

२००७ मध्ये हा अल्बम नव्याने निघाला तेव्हा मॅकालूनने त्यातली आठ गाणी नव्या, अकूस्टिक वळणाने पुन्हा गाऊन जोडली. तुलनेसाठी याहून चांगलं साहित्य मिळणं कठीण. 'व्हेन लव्ह ब्रेक्स डाउन'ची दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका. जुन्या रूपात वेंडी स्मिथचा श्वासासारखा आवाज गाण्याभोवती धुक्यासारखा पसरलेला आहे आणि एक तरुण दुःखाचा रुबाब करतो आहे. नव्या रूपात ते धुकं उरलेलं नाही आणि गाणारा पन्नाशीचा माणूस आहे. तेव्हा ध्यानात येतं की सौंदर्य नुसत्या पॉलिशमध्ये नव्हतं, कारण कॉर्डचा सांगाडा एकट्यानेही उभा राहतो. इतर गाणीही अशीच ऐकली की डॉल्बीने काय दिलं तेही कळतं : मॅकालूनच्या वळणांमध्ये त्याने ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा करून दिली.

*बँड एक, अल्बम दोन.* ब्लू नाइलचा दुसरा अल्बम 'हॅट्स' पाच वर्षांनी, १९८९ मध्ये आला. दोन्ही अल्बमांत सात-सातच गाणी. पहिल्यात शहर नवं दिसतं आहे. 'टिन्सेलटाउन इन द रेन'चा बेस उसळतो, तंतुवाद्यं झेपावतात. 'हॅट्स'मध्ये तेच पावसाळी शहर, तेच दिवे, पण पाहणारा थकलेला. 'द डाउनटाउन लाइट्स'मध्ये सिंथेसायझरची लांब पट्टी जमिनीसारखी पसरलेली आहे आणि ठोका संथ चालीने पुढे जातो. 'फ्रॉम अ लेट नाइट ट्रेन'मध्ये तर ड्रमही नाहीत. वीस वर्षांत या बँडने चारच अल्बम केले. २०२४ मध्ये टेलर स्विफ्टने आपल्या एका गाण्यात त्यांचं नाव घेतलं आणि एका नव्या पिढीने हे संगीत शोधून काढलं.

गुळगुळीत म्हणजे सुखवस्तू?

या संगीतावर तेव्हापासून एक आक्षेप आहे : हे उंची सूट आणि कॉकटेल यांचं संगीत, पैसेवाल्या नव्या पिढीच्या दिवाणखान्याची सजावट. काही अल्बमांना तो लागूही पडतो. पण ही गाणी कोणत्या देशात लिहिली गेली तेही पाहायला हवं. १९८२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा संप वर्षभर चालला, आणि काउंटी डरम हा खाणींचाच प्रदेश. ग्लासगोच्या गोद्या ओस पडत होत्या. शहाणीसुरती, नटलेली गाणी अशा जागी जन्मली.

ग्लासगोच्याच डीकन ब्लूचा 'रेनटाउन' (१९८७) घ्या. बँडचं नाव स्टीली डॅनच्या गाण्यावरून घेतलेलं, पियानो आणि कॉर्ड तितक्याच सफाईदार. पण त्यातल्या 'डिग्निटी'चा नायक आहे महापालिकेचा सफाई कामगार. तो रस्ते झाडतो, थोडेथोडे पैसे साठवतो आणि एक छोटी होडी घेऊन समुद्रात जायचं मनात धरतो. गाण्याची सगळी भव्यता त्या माणसाला अर्पण केली आहे. द स्टाइल कौन्सिलचा 'अवर फेव्हरेट शॉप' (१९८५) तर थॅचर सरकारच्या धोरणांवर थेट तुटून पडतो, तोही सोलच्या झुलत्या ठेक्यावर. सुंदर वस्तूवर श्रीमंतांचाच हक्क का असावा, हा प्रश्न या कारागिरीतच आहे. साध्या माणसाच्या आयुष्याला उत्तम कॉर्ड, उत्तम ध्वनी आणि मनापासून केलेली मेहनत देणं हा मला या संगीताचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

एका अल्बममधून दुसऱ्याकडे

नवे बँड शोधायला ॲपच्या शिफारशी पुरतात, पण त्या बहुधा एकसारखा पोत पुढे करतात. श्रेयनामावली वाचणं ही याहून जुनी आणि जास्त भरवशाची वाट आहे. निर्माता कोण, मिक्सिंग कुणाचं, पाहुणा वादक कोण, हे पाहा आणि त्या नावाचा हात धरून पुढे जा. डीकन ब्लू तुम्हाला स्टीली डॅनकडे नेईल, आणि तिथून डंडीच्या 'डॅनी विल्सन'कडे, ज्यांच्या 'मीट डॅनी विल्सन' (१९८७) मध्ये तोच संस्कार दिसतो. स्विंग आउट सिस्टरचा 'कॅलायडोस्कोप वर्ल्ड' (१९८९) ज्येष्ठ अमेरिकन गीतकार-संगीतकार जिमी वेबकडे घेऊन जाईल. स्क्रिटी पोलिटीचं 'परफेक्ट वे' माइल्स डेव्हिसने आपल्या 'टुटू' (१९८६) या अल्बममध्ये वाजवलं, आणि १९८८ मध्ये तो स्वतः त्यांच्या 'ओ पॅटी'मध्ये ट्रम्पेट वाजवून गेला. जॅझचा एवढा मोठा माणूस एका पॉप गाण्यात रमला, कारण त्यातल्या कॉर्डमध्ये त्याला वाजवायला काहीतरी सापडलं.

ऐकताना वाटेत टॉक टॉकही भेटतील. 'द कलर ऑफ स्प्रिंग' (१९८६) मध्ये ते या सगळ्यांच्या शेजारी आहेत. 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८) पर्यंत मात्र त्यांचा गायक मार्क हॉलिस याने गाण्यातून इतकं काही काढून टाकलं, की ते पॉपच्या हद्दीबाहेर गेलं. मोकळ्या जागेचा विचार शेवटपर्यंत नेला तर काय होतं, याचं ते उत्तर आहे. म्हणून तो अल्बम शेवटी ऐकावा. आधीच्यांनी काय भरलं ते कानात पक्कं असलं, की हॉलिसने काय काढलं ते ऐकू येतं.

चौकट : थोडक्यात

- हुरहुर येते कुठून? सा-ग-प या उजळ कॉर्डवर शुद्ध नी ठेवला की आत ग-प-नी ही उदास कॉर्ड तयार होते. दोन्ही भाव एकदम ऐकू येतात.
- शांत गायन कंटाळवाणं का नाही? आवाजाखालची कॉर्ड बदलत राहते, त्यामुळे धरलेल्या स्वराचाही भाव पालटतो.
- काळाची खूण कोणती? लिनड्रम (१९८२), डीएक्स-७ (१९८३) आणि प्रत्येक वाद्याला वेगळा दिलेला घुमारा.
- तुलनेचा नियम : एक गोष्ट स्थिर ठेवा, एक बदला.
  - निर्माता तोच : 'डायमंड लाइफ' आणि 'ईडन' (दोन्ही १९८४)
  - गाणी तीच : 'स्टीव्ह मॅक्वीन' १९८५ आणि त्यातली २००७ ची अकूस्टिक रूपं
  - बँड तोच : 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' (१९८४) आणि 'हॅट्स' (१९८९)
  - काळ तोच, वृत्ती उलट : 'क्युपिड अँड सायकी ८५' आणि 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स'
- ऐकण्याची रीत : पहिल्यांदा फक्त बेस ऐका, दुसऱ्यांदा फक्त मागचे आवाज, तिसऱ्यांदा शब्द. मग गाणं सलग ऐका.
- सुरुवात कुठून? 'डायमंड लाइफ'पासून. तो सर्वांत लवकर जवळचा होतो. नंतर 'स्टीव्ह मॅक्वीन', मग 'हॅट्स'.